शेजारी टेलर, मी शिंपी

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारच्यांच्या टपालपेटीवर मोठ्या अक्षरांत ‘टेलर’ लिहिलेलं होतं. सामान उतरवताना ते वाचून मला हसू आलं. आपल्याकडे दाराशी टेलर लिहिलेलं असलं की आत मशीन खडखडत असतं आणि खुंटीवर कुणाची तरी अर्धवट शिवलेली पँट लटकत असते. इथे आत एक निवृत्त जोडपं राहत होतं. तो आयुष्यभर विमा कंपनीत होता, ती शाळेच्या लायब्ररीत. पहिल्या हिवाळ्यात आम्ही उठायच्या आत त्या म्हाताऱ्याने आमच्या दारातला बर्फ काढून ठेवला होता.

माझं आडनाव शिंपी. लग्नाआधी होतं, लग्नानंतरही तेच राहिलं. पुण्याची एमएस्सी त्या नावावर, इथली पीएचडी त्या नावावर, पासपोर्ट आणि व्हिसा त्याच नावावर. बदलायचं काही कारण मला दिसलं नाही. नवरा पुण्याचा, आडनाव ऐकलं की लोक थेट पेठेचं नाव विचारतात असा. त्याची आई लग्नाच्या वेळी म्हणाली होती, “तिकडे गेल्यावर तरी आमचं लाव.” मी मान डोलावली आणि लावलं नाही. नवऱ्याची काही हरकत नव्हती, असं मी धरून चालले होते.

माझ्या वडिलांचं चाळीसगावला स्टेशन रोडच्या मागे कपडे शिवायचं दुकान होतं. पाटीवर ‘टेलर्स’. शाळेत असताना मी त्यांना विचारलं होतं की, आपण शिंपी आहोत तर पाटीवर इंग्रजी शब्द कशाला? ते खडूने कापडावर रेघ मारत होते. मान वर न करता म्हणाले, “शिंपी लिहिलं की जात दिसते. टेलर लिहिलं की दुकान दिसतं.” आई काज-बटणं करायची, तुरपाई करायची. मला मात्र दोघांनी मशीनजवळ फिरकू दिलं नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हौसेने पायडलवर बसले तर वडिलांनी माझा हात चाकावरून उचलून बाजूला ठेवला. “हे शिकलीस तर सगळे तुला हेच करायला लावतील.” तेव्हा मला तो लाड वाटला. त्यामुळे आजही मला सुईत दोरा ओवायला चार वेळा थुंकी लावावी लागते. औषधाच्या गोळीत वर्षभराने किती औषध शिल्लक राहतं ते मी सांगू शकते. सदऱ्याची बाही कुठून सुरू होते ते सांगू शकत नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या गावातलं मराठी मंडळ आणि २००५ सालचा गणपती.

मंडळात नाव नोंदवलं ते नवऱ्याने. मी तेव्हा प्रयोगशाळेत अडकलेली असायचे. पहिली दोन वर्षं मला सगळे त्याच्याच आडनावाने ओळखत होते आणि मीही त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. हाक मारताना कोण आडनाव घेतं? त्या वर्षी एक ऐतिहासिक नाटुकलं बसवायचं ठरलं. सगळा कारभार एका काकूंकडे होता. साठीच्या, उत्साही, तीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, पुरणपोळी अशी करायच्या की पार एडिसन गावापासून लोक यायचे. माझ्यावर त्यांचा जीव होता. पहिल्याच वाचनाला त्या म्हणाल्या, “निवेदन हीच करणार. काय स्वच्छ बोलते बघा. हल्ली असं मराठी ऐकायला मिळतं का?” नवऱ्याला सरदाराची छोटी भूमिका मिळाली. मी खूश होते. गाडी चालवताना निवेदन पाठ करायचे, लॅबमध्ये काचेची भांडी धुताना पुटपुटायचे.

तालमी काकूंच्या घरी, तळघरात होत असत. एका शुक्रवारी मी कामावरून थेट गेले. कंपनीचा बिल्ला कमरेला तसाच लटकत होता. मी समोशांची ताटली घ्यायला वाकले आणि काकूंनी तो बिल्ला हातात धरून वाचला.

“शिंपी?” त्या म्हणाल्या. “हे कुणाचं?”

“माझंच.”

“म्हणजे माहेरचं?”

“माझं, काकू. मी बदललं नाही.”

त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात तलवारीचा पुठ्ठा चिकटवत होता. मग त्या माझ्याकडे बघून मोकळेपणाने हसल्या. मोकळेपणाने, हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यात कुठेही खोच नव्हती. “अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? आम्ही इथे मावळ्यांच्या अंगरख्यांसाठी हैराण झालोय. भारतातून मागवायचे तर वेळेत येतील की नाही भरवसा नाही. तुझ्या तर हातातच असेल.”

मी म्हटलं, “मला शिवता येत नाही.”

“असं कसं? रक्तातच असतं ते.”

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले असणार, कारण अशा वेळी चेहरा आपोआप हसतो. घरी येताना मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “काकूंच्या मनात तसं काही नसेल गं. यू आर ओव्हरथिंकिंग. नाही म्हण आणि सोडून दे.”

मी दुसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हटलं. काकू म्हणाल्या, “बरं बरं, बघू.” आणि पुढच्याच आठवड्यात कापडाने गच्च भरलेल्या पिशव्या घेऊन त्या आमच्या दारात उभ्या. पॉपलिन, लेस, लाल-केशरी शेले. सोबत कुणाकडून तरी मागून आणलेलं शिवणयंत्र गाडीत. नवऱ्याने पुढे होऊन ते उतरवून घेतलं. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत सगळं दिवाणखान्यात मांडून झालं होतं.

“काकू, मी फोनवर सांगितलं होतं.”

“घाबरतेस कशाला? साधे तर आहेत. आणि हो, निवेदनाचं टेन्शन घेऊ नकोस. ते आता दुसरीला दिलंय. कपडे आणि निवेदन, दोन्ही कसं जमणार तुला? शिवाय तुझ्या बोलण्याला मधूनच ते खानदेशी वळण येतं ना, स्टेजवर जरा कानाला खटकतं. मला आधीच सांगायचं होतं.”

आधीच सांगायचं होतं. बिल्ला वाचायच्या आधी माझं मराठी स्वच्छ होतं. शुक्रवारी त्याला वळण फुटलं.

मी आत जाऊन चहा टाकला. काकू चहा पिऊन, माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. नवरा म्हणाला, “मी गॅरेजमध्ये ठेवू का हे?” मी म्हटलं, “परत का नाही दिलंस?” तो म्हणाला, “एवढ्या मोठ्या बाईंना दारातून कसं परत पाठवायचं?”

त्या शनिवारी मी पुढच्या अंगणात तण उपटत होते. शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. त्यांनी पिशव्या आणि मशीन उतरताना पाहिलं होतं. “शिवणकाम सुरू केलंस वाटतं,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नाही. पण माझं नाव तुमच्यासारखंच आहे म्हणून लोकांना तसं वाटतं.” ते गोंधळले. मी समजावलं की शिंपी म्हणजे टेलर. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला जवळजवळ ओढतच आत नेलं.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, शेकोटीच्या वर, सोनेरी चौकटीत एक कागद लावलेला होता. मॉलमध्ये तेव्हा अशा विक्रीच्या हातगाड्या असायच्या. तुमचं आडनाव सांगितलं की त्या नावाचा इतिहास जुन्या वळणाच्या अक्षरांत छापून मिळायचा, वर एक रंगीत ढाल. बायकोने त्यांना तो लग्नाच्या वाढदिवसाला दिला होता. त्यांनी चष्मा लावून मला सगळं वाचून दाखवलं. हा शब्द मूळ फ्रेंच, अर्थ कापणारा. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा त्यांच्या भाषेबरोबर तिकडे गेला. गावागावात कपडे बेतणारा एक माणूस असायचा, लोक त्याला कामावरून ओळखायचे, आणि मग पोराचंही तेच नाव, नातवाचंही तेच, काम सुटलं तरी. “म्हणूनच आम्ही सगळीकडे आहोत,” ते म्हणाले. “फोनबुकात पानंच्या पानं भरतात. एकमेकांचे कुणी लागत नाही. गावोगावचे वेगवेगळे शिंपी.”

ढालीवर सिंह होता.

“कात्री का नाही?” मी विचारलं.

“कात्रीसाठी कोण पैसे देईल?” ते म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

“तुमच्या घरात कुणी शिवायचं?”

“छे. वडील ट्रक चालवायचे. आजोबा पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत. माझं तुटलेलं बटण अजून हीच लावते.”

“तुम्हाला आजवर कुणी म्हटलं का, की तुम्ही टेलर आहात, तर माझी पँट आखूड करून द्या?”

त्यांना वाटलं मी विनोद करते आहे. “मला? का म्हणेल कुणी?”

मला त्या भल्या माणसाचाही राग आला. त्याचा काही दोष नव्हता. पण त्याला हा प्रश्न आयुष्यात एकदाही पडला नव्हता, आणि सत्तरी उलटल्यावर मी विचारला तर तो त्याला गंमतीचा वाटला. माझ्या वडिलांना जात झाकायला जो शब्द उसना घ्यावा लागला तो याच्या टपालपेटीवर उन्हात चमकत होता. इथे तर लोक पोरींची पहिली नावंसुद्धा टेलर ठेवतात. आमच्या कंपनीत फाटकापाशी बसणारी मुलगी टेलर होती, दंतवैद्याकडची टेलर होती. मुलगे मेसन, म्हणजे गवंडी. कूपर, म्हणजे पिंपं बनवणारा. कार्टर, म्हणजे गाडीवान. गोंडस वाटतात म्हणून ठेवलेली नावं. आपल्याकडे पाळण्यात घातलेल्या पोराच्या कानात कुणी ‘गाडीवान’ म्हणून कुर्र करेल का? मी घरी आले आणि तणाचा ढीग तसाच टाकून दार लावून बसले.

सोमवारी लॅबमध्ये मी हे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या माझ्याहून वयाने मोठ्या, कृष्णवर्णीय, दक्षिणेतल्या एका छोट्या गावातून आलेल्या. त्यांचंही आडनाव टेलर. मला वाटलं होतं, त्याही हसतील. त्यांनी आधी हातातलं काम संपवलं. मग हातमोजे काढून म्हणाल्या, “आमच्या घरात शिंपी कुणीच नव्हता. माझ्या खापरपणजोबांना ज्याने विकत घेतलं त्याचं ते नाव. लोक मला विचारतात, टेलर, म्हणजे मूळचं इंग्लिश का? मी सांगते, हो, खरेदीची पावती इंग्लिश होती.”

मी विचारलं, “मग तुम्ही ते बदलावं असं नाही वाटलं?”

“माझ्या आईने त्या नावाने शाळा चालवली. माझ्या भावाच्या थडग्यावर ते नाव आहे. आता ते आमचं आहे. ज्याचं होतं त्याने येऊन मागून बघावं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “त्या पिशव्या अजून तुझ्या घरी का आहेत?”

मी माझे हातमोजे चढवले.

रविवारी तालमीला आम्ही दोघं गेलो. नवरा गाडी लावत होता तेव्हा मी मागून पिशव्या काढल्या. त्याने विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “मशीन जड आहे, गाडीत कसंबसं चढवलं, आता ते तू आण.” त्याने आणलं, मला वाटतं शेजाऱ्यांसमोर वाद नको म्हणून.

तळघरात सगळे जमले होते. नवी निवेदिका कागद धरून उभी होती. बिचारी चांगली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी पिशव्या काकूंच्या पायाशी ठेवल्या.

“झाले शिवून? इतक्यात?” काकूंचा चेहरा खुलला.

“नाही. परत आणलेत. मला शिवता येत नाही, आणि येत असतं तरी शिवले नसते.”

“अगं, रागावलीस की काय?”

“हो.”

आता सगळे ऐकू लागले. काकू जरा हळू आवाजात म्हणाल्या, “आम्ही हे जातपात काही मानत नाही बरं का. अमेरिकेत कोण मानतं? मी आपलं सहज म्हटलं. तुला येत असेल म्हणून.”

“काकू, तुमचं आडनावही कामाचंच आहे. गावाचा शेतसारा लिहायचा, दप्तर सांभाळायचं. मी कधी आमच्या टॅक्सचे कागद तुमच्या दारात आणून टाकले का? तुमच्या रक्तात असेल म्हणून?”

कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. नागपूरचा एक मुलगा, नुकताच प्रोजेक्टवर आलेला, म्हणाला, “पॉइंट आहे यार.” पण काकूंनी त्याच्याकडे पाहताच तो स्वतःच्या मोज्यांकडे बघू लागला.

“त्यात आणि यात फरक आहे,” काकू म्हणाल्या.

“काय फरक आहे?”

मी खरोखर थांबले. मला उत्तर हवं होतं. तीस वर्षं या देशात राहिलेली, दर रविवारी मुलांना मराठी शिकवणारी बाई यावर काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. त्यांचे ओठ हलले. मग त्या म्हणाल्या, “समोसे गार होतायत,” आणि वर गेल्या.

मीही वर येऊन गाडीत बसले. नवरा बऱ्याच वेळाने आला. गाडी सुरू केल्यावर म्हणाला, “सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? मला त्यांच्यात वावरायचं असतं.”

“आणि मला?”

“तुलाही. म्हणून तर म्हणतो.”

“मंडळात माझं नाव तुझ्या आडनावाने का दिलंस?”

वळणावर त्याने गाडी हळू केली. “सोपं जावं म्हणून.”

“कुणाला?”

“तुला. आपली माणसं कशी आहेत ते मला माहीत आहे. मी त्यातच वाढलोय. तुला त्रास नको म्हणून मी...”

मी खिडकीकडे तोंड केलं. काकूंचा राग सोपा होता, तो एका वाक्यात बाहेर पडला होता. याचा राग कुठे ठेवू ते कळेना. हा माणूस माझ्यावर प्रेम करत होता, माझ्या वडिलांच्या पाया पडत होता, त्यांनी शिवलेला कुडता दर दिवाळीला आठवणीने घालत होता. आणि त्याने मला न विचारता माझं नाव झाकून ठेवलं होतं. माझ्या भल्यासाठी. म्हणजे त्यालाही ते झाकण्यासारखं वाटत होतं. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, “मला तसं वाटत नाही.” मी म्हटलं, “मग पुढच्या वर्षी खरं नाव दे.” तो हो म्हणाला. तो आठवडा आम्ही एकमेकांशी फक्त दूध आणि गाडीबद्दल बोललो.

नाटुकलं झालं. अंगरखे शेवटी कुणीतरी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगांतून आणवले, आणि ते वेळेत आले. नवऱ्याने सरदाराचं काम केलं. मी गेले नाही. आरतीलाही गेले नाही. घरी बसून टीव्ही लावला आणि काय लागलंय ते न बघता तासभर त्याच्यासमोर बसून राहिले. गणपतीने माझं काय वाकडं केलं होतं, असं मागून वाटलं, पण ते तळघर डोळ्यांसमोर आलं की पाय उचलेना. मंडळात माझ्याबद्दल ‘फार तापट आहे’ असं बोललं जाऊ लागलं. ते नवऱ्यानेच येऊन सांगितलं, आणि सांगताना त्याला माझी दया आल्यासारखं दिसलं, त्यावरून पुन्हा भांडण झालं.

पुढच्या वर्षी त्याने खरं नाव दिलं. शब्द पाळला. कुणाच्या घरी जेवायला गेलो की ओळख करून देताना आता पूर्ण नाव सांगतो. पण शिंपी म्हणताना त्याचा आवाज अजून किंचित खाली येतो. बाकीचं वाक्य जिथे असतं तिथून एक पायरी खाली. त्याला ते कळत नाही. मी सांगितलं तर म्हणतो, तुझ्या कानांचा दोष.

काकूंची आणि माझी गाठ नंतर एकदाच पडली, एडिसनच्या भाजीच्या दुकानात. २००८ चा उन्हाळा असावा. मी तोंडली निवडत होते. त्यांनी मागून येऊन माझ्या दंडाला धरलं. केस बरेच पांढरे झाले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणाल्या. नातवंडांची चौकशी मी केली, माझ्या नोकरीची त्यांनी केली. मग डोकं कलतं करून, लाडाने म्हणाल्या, “काय गं, अजून रागावलीयेस का माझ्यावर?”

“हो,” मी म्हटलं.

त्या हसल्या. “काय बाई आहेस.”

“खरंच आहे राग, काकू. तुम्ही मला अजून फरक सांगितला नाहीत.”

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण दंडावरचा हात निघाला. त्यांनी बाजूच्या खोक्यातला एक पेरू उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला. “मला घाई आहे,” त्या म्हणाल्या. मी तोंडली तोलायला दिली आणि रांगेत उभी राहिले.